अकरा प्रदक्षिणा

मलायातल्या पेनांगहून नागपट्टणमपर्यंत बोटीनं आणि पुढे आगगाडीनं मी तंजावरला आले, तेव्हा मला चौदावं लागलं होतं. आई तिकडेच वारली होती. अप्पांना एकट्यानं मुलगी वाढवणं जमेना, म्हणून त्यांनी मला काका-काकूंकडे पाठवून दिलं. "आपल्या देशात, आपल्या माणसांत चालली आहेस," असं त्यांनी धक्क्यावर मला तीनदा सांगितलं. तो आपला देश मी तोवर पाहिलाही नव्हता. माझा जन्म पेनांगचा.

तिकडे मी शाळेत चालत जायची, एकटी, समुद्राकाठच्या रस्त्यानं. संध्याकाळी अप्पांबरोबर धक्क्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. त्यासाठी कुणाची परवानगी लागते हे माझ्या गावीही नव्हतं. त्यामुळे तंजावरला आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी मी अशीच बाहेर पडले. गल्ली कुठे संपते ते पाहायचं होतं, दुसरं काही मनात नव्हतं. गल्ली संपली तशी पुढच्या रस्त्याला लागले आणि किल्ल्याच्या खंदकापर्यंत जाऊन आले. मी घरी पोचायच्या आत चार जणांनी काकांना वर्दी दिली होती. काका वकील होते. त्यांनी आवाज चढवला नाही. यापुढे दारापुढच्या ओट्यावरून एकटीनं खाली उतरायचं नाही, एवढंच बजावलं.

मला फार राग आला. आता सत्तरी गाठली तरी ते आठवलं की येतोच. बाकी सगळं मी जमवून घेतलं. मांडी घालून जेवणं जमलं, पावाडे म्हणजे तिकडचे पायघोळ परकर सावरत जिने चढणं जमलं. बोलताना मध्येच मलायी शब्द आला की घरातली पोरं खो खो हसायची, तेही सोसलं. पण पाय ऐकेनात. बसले की गुडघे हलायचे. वाती वळायला बसवलं की दहा वातींत मी तीनदा उठायची. काकू तशा कमी बोलायच्या, पण त्यांनीही एकदा विचारलं, पायाला भिंगरी बांधून आली आहेस की काय.

शेवटी मी मागच्या अंगणात तुळशीभोवती फिरायला लागले. तेवढीच मोकळी जागा होती. एके सकाळी शेजारच्या मामी काही मागायला आल्या आणि मला पाहून दारातच थबकल्या. इतक्या कोवळ्या वयात एवढी भक्ती आपण कुठे पाहिली नाही, असं त्या काकूंना म्हणाल्या. मी फिरत राहिले. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. या गावात मुलीला उगीच चालायची सोय नव्हती, देवाभोवती मात्र ती हवी तेवढी चालू शकत होती.

त्याच दिवशी मी जाहीर केलं की मला रोज मोठ्या देवळात अकरा प्रदक्षिणा घालायच्या आहेत. काका खूश झाले. सोबत काकू येऊ लागल्या. त्या एक फेरी माझ्याबरोबर घालायच्या आणि मग मंडपाच्या सावलीत बसून माझ्याकडे पाहत राहायच्या. त्या देवळाचं आवार एवढं मोठं, की अकरा फेऱ्यांना तास-सव्वा तास सहज लागे. मी भराभर चालायची. शिखराकडे कधी मान वर करून पाहिलं नाही, ओठांत नाव नाही. उन्हाळ्यात फरसबंदी सकाळीच तापायची, तळव्यांना फोड यायचे, तरी मी खाडा केला नाही. तेवढा वेळ मला बरं वाटायचं. घरी परतलं की दुसरी सकाळ होईपर्यंत पुन्हा तीच तगमग.

वर्षभरात माझा लौकिक झाला, आणि तोच माझ्या मुळावर आला. माझी भक्ती ऐकून कुंभकोणमहून एक बाई मुलासाठी मला पाहायला आल्या. अप्पांचं पत्र आधीच आलं होतं: स्थळ चांगलं असेल तर आपली हरकत नाही. मला काय वाटतं, हे त्यात कुठेही विचारलं नव्हतं.

बाई मायाळू होत्या. त्यांच्या घरातच मोठं देवघर होतं, अंगणातच विहीर होती. थोरल्या सुनेनं नऊ वर्षांत उंबरा ओलांडला नव्हता, आणि हे त्या कौतुकानं सांगत होत्या. मग त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवून विचारलं, एवढ्या प्रदक्षिणा घालून देवाजवळ काय मागतेस?

"काही मागत नाही," मी म्हणाले. "मी तिथे चालायला जाते. घरात बसून मला वेड लागेल."

बाईंनी कॉफी अर्धी ठेवली. त्यांची गाडी गल्लीबाहेर पडल्यावर काका आत आले आणि म्हणाले, उद्यापासून देऊळ बंद. मी भिंतीला टेकून उभी होते. खरं बोलून मी होतं नव्हतं तेही घालवलं होतं, आणि आता या घरात दिवस कसे काढायचे ते मला कळत नव्हतं.

काकू पाहुण्यांची भांडी गोळा करत होत्या. काकांचा शब्द त्यांनी खाली पडू दिलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बंद कसं होईल?" त्या भांडी उचलता उचलता म्हणाल्या. "नवस माझा आहे. हिच्या पायांनी फेडीन असं बोलले आहे."

काकांनी विचारलं, कशासाठी. नवस असा उघडून सांगत नाहीत, असं काकूंनी उत्तर दिलं. मग काकांनी वकिलाचा प्रश्न विचारला: किती दिवसांचा?

"आकडा बोलायचा राहून गेला."

काका उपरणं झटकून ओट्यावर जाऊन बसले. मुदतच नसलेल्या करारापुढे त्यांचा इलाज चालेना.

नैवेद्य दाखवल्याशिवाय काकू पाण्याचा घोटही घेत नसत, आणि त्या देवाचं नाव घेऊन माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या मंडपात बसल्या. मी चालायला लागले नाही. वर्षभरात पहिल्यांदा आत गेले, गाभाऱ्यासमोर हात जोडून उभी राहिले, आणि काकूंच्या खोट्याचं पाप त्यांना लावू नकोस, मला लाव, एवढं मागितलं.