पितृपंधरवड्याआधी उरकलेला निरोप

रविवार, ५ सप्टेंबर १९७१. जमलेली वर्गणी एकशे अडुसष्ट रुपये. हजर: आमच्या साखर कारखान्याचे चीफ केमिस्ट, युनियनचे सेक्रेटरी, तीसेक कामगार, माझी बायको आणि हा सगळा घाट ज्याने घातला तो तिचा धाकटा भाऊ. कार्यक्रम माझ्या निरोपाचा. मी टांझानियातल्या एका साखर कारखान्यात नोकरीला निघालो होतो. तिकीट मात्र अजून आलेलं नव्हतं.

मी पॅनमन. रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचा, हे काम मी अठरा हंगाम केलं. त्रेचाळिसाव्या वर्षी कोणी परदेशी बोलावील असं वाटलं नव्हतं. तिथला पगार माझ्या तीनशे दहाच्या जवळजवळ पाचपट होता. एक ऑक्टोबरला हजर व्हा, असं करारपत्रात लिहिलेलं, म्हणून मी ऑगस्टअखेर राजीनामा दिला. तिकीट आणि तिथला कामाचा परवाना मागाहून येणार होता.

"तिकीट हातात येऊ दे, मग काय ते करा," मी मेहुण्याला म्हणालो.

तो पारनेर तालुक्यात प्राथमिक शिक्षक. त्याला भाषणाची हौस. "दाजी, सोमवारपासून पितृपंधरवडा. पंधरा दिवस शाल-नारळ करता येत नाही. तेवढ्यात तुम्ही उडालात म्हणजे?"

बायको म्हणाली, "तो म्हणतोय ते खरंय. करून टाकू."

झालं. मेहुणा बोलायला उभा राहिला आणि "आज हे आपल्यातून जात आहेत" हे वाक्य त्याने अशा आवाजात म्हटलं, की मागे बसलेल्या दोघी बायकांनी डोळ्यांना पदर लावला. चीफ केमिस्ट हळूच म्हणाले, "अहो मास्तर, माणूस आफ्रिकेला चाललाय, वर नाही."

पितृपंधरवडा संपला. घट बसले, उठले. दसऱ्याला बॉयलर पेटला, तो मी घराच्या ओट्यावरून पाहिला. दर आठवड्याला मी टांझानियाला पत्र टाकत होतो. दोन महिन्यांत एकच उत्तर आलं: परवान्याचं काम चालू आहे.

घराबाहेर पडायची सोय राहिली नाही. चहाच्या हॉटेलातला मालक मला बघितलं की गल्ल्यावरून ओरडायचा, "काय पाव्हणं, आफ्रिका लई जवळ आली म्हनायची!" बाजारात भाजीवालीने तर हद्द केली. "अवं, तुमी गेल्ता न्हवं? कवा आला? काय आनलं तिकडनं?" मी म्हणालो, मी गेलोच नाही. ती शेजारणीला म्हणाली, "बग, लपवत्यात."

हसण्यावारी नेण्यासारखं फार काळ राहिलं नाही. किराणा दुकानदाराने उधारी बंद केली. "तुम्ही आज इथं, उद्या तिथं. मी वसुलीला बोटीनं येऊ का?" हे त्याने हात जोडून विचारलं. कारखान्याचं पत्र आलं: राजीनामा दिलेल्या कामगाराने क्वार्टर दिवाळीनंतर रिकामं करावं. पगार बंद, घर जाणार, दोन मुलं शाळेत. शिल्लक चारशेच्या आत आली, तेव्हा मी मॅनेजरांकडे गेलो.

"माझ्या जागेवर परत घ्या," मी म्हणालो.

"कसं घेऊ? तुमचा निरोप समारंभ झाला. मी स्वतः वर्गणी दिलीय."

"साहेब, निरोप झाला, पण मी गेलेलो नाही."

"ते मला दिसतंय हो. पण तुमची जागा भरली."

माझी जागा माझ्याच मदतनिसाला दिली होती. शेवटी मॅनेजरांनी तोडगा काढला: त्याच्या हाताखाली तात्पुरता कामगार, महिना दोनशे पंचवीस, क्वार्टर हंगामापुरतं. नोकरी सोडताना महिन्याची नोटीस, नाहीतर महिन्याचा पगार भरायचा. मी सही केली. करतो काय?

मदतनीस भला माणूस. मला पाहिलं की स्टुलावरून उठून उभा राहायचा. "मामा, तुम्हीच बसा इथं." दोन-तीनदा असं झाल्यावर मी वैतागून म्हणालो, "अरे बस की! पगार तुला जास्त आहे, उभं मला राहू दे." तो बसला, पण अवघडून.

डिसेंबरात लढाई झाली आणि बाहेरची पत्रं थांबली. बायकोने टांझानियाचं नाव काढायचं सोडलं. मीही मनातून ते काढून टाकायला लागलो होतो. तेवढ्यात फेब्रुवारीच्या अकरा तारखेला रजिस्टर्ड पाकीट आलं. परवाना मंजूर, विमान वीस तारखेला मुंबईहून. हजर झाला नाहीत तर करार रद्द. सोबत जुन्या मालकाचं कार्यमुक्तीचं पत्र आणावं, त्याशिवाय कामावर घेणार नाही.

पाच महिने वाट बघायला लावणाऱ्यांनी मला नऊ दिवस दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरांसमोर उभा राहिलो.

"पत्र देतो की. बारा मार्चला या."

"साहेब, विमान वीस फेब्रुवारीला आहे."

"मग महिन्याचा पगार भरा. अट तुमच्या सहीची आहे."

"मी तात्पुरता कामगार. तात्पुरत्याला कसली नोटीस?"

"हे सही करताना विचारायचं."

मी अर्धा तास वाद घातला. अठरा हंगाम सांगून झाले, तीनशे दहाचे दोनशे पंचवीस निमूट घेतले तेही सांगून झालं. ते दरवेळी मान डोलवायचे आणि तीच अट वाचून दाखवायचे. मी घरी येऊन सगळं सांगितलं. बायकोने ट्रंकेतली पैशांची पिशवी काढली आणि म्हणाली, "भरा आणि मोकळे व्हा. मला आता त्या बाजारात एक दिवसही उत्तरं द्यायची नाहीत."

त्या महिन्यातल्या बारा दिवसांचे नव्वद रुपये कारखान्याकडे माझे निघत होते, ते वजा झाले. शनिवार, १२ फेब्रुवारी १९७२, दुपारी कारखान्याच्या कॅशियरला मी रोख एकशे पस्तीस रुपये दिले आणि पत्र घेतलं.