वसुधाताईंचा मंगळवार

वसुधाताई काल गेल्या. आज मंगळवार, त्यांचा आमच्याकडं यायचा दिवस.

गेटजवळ उभ्यानं लिहितोय. सकाळपासून आत-बाहेर करून पाय दुखले, पण बसवत नाही.

सकाळच्या गाडीची वेळ झाली तसा मी ताईंना आणायला स्टेशनकडं निघालोसुद्धा होतो. अर्ध्या रस्त्यात आठवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : धर्माबादला आमचं मिरची पावडरचं युनिट आहे. मोठा भाऊ म्हणजे दादा मालक, मी त्याच्या हाताखाली.

ताई नांदेडच्या. पुण्यात मोठ्या कंपनीचा प्लँट सांभाळून परत आलेल्या. मंगळवार आमचा, गुरुवार उमरीच्या कापूस जिनिंगचा, शनिवार थेट मुरुडच्या एका कारखान्याचा.

कार्डावर लिहिलेलं, ‘फ्रॅक्शनल सीओओ’. सीओओ म्हणजे रोजचं कामकाज बघणारा मोठा साहेब.

दादानं कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "फ्रॅक्शनल म्हंजे? अपूर्णांक साहेब का?"

ताई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "तसंच समजा. पूर्ण साहेब तुम्हाला परवडायचा नाही, आणि त्याला आठवडाभर पुरेल एवढं कामही इथं नाही. एक दिवस पुरे."

पहिल्या मंगळवारी आम्ही काय केलं असेल? सत्कार!

आपल्याकडं पाहुणा आला की शाल-श्रीफळ आलंच. दादानं चक्की बंद करून सगळ्यांना अंगणात उभं केलं. हार, टाळ्या, फोटो.

ताईंनी खांद्यावरची शाल नीट केली आणि विचारलं, "मशीन कोणी बंद केलं?"

दादा खुशीत. "मीच की! तुमच्यासाठी."

"आणि चालू राहू द्या, असं कोणी म्हणालं का?"

सगळे चपलांकडं बघत राहिले.

"बरं," ताई म्हणाल्या, "माझं काम कळलं मला."

दादा वाईट माणूस नाही हो. वडील गेल्यावर भाड्याच्या शेडमध्ये एका चक्कीवर त्यानं हे उभं केलं. पण त्याला कोणाला नाही म्हणता येत नाही, आणि त्याला नाही म्हणायची आमची कोणाची छाती नाही.

सोयरा येवो, व्यापारी येवो, दादाचं एकच. "हाव, होऊन जाईल."

मग चक्कीला उसंत नाही. चक्की तापली की पावडर काळपट पडते, मग माल परत येतो. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तेरी भी चुप, मेरी भी चुप.

ताई दादाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यांनी मंगळवारी जेवणानंतर सतरंजीवर बैठक सुरू केली. नियम एकच : प्रत्येकानं दादाला एक तरी ‘नाही’ सांगायचं, आणि दादानं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. मधे बोलायचं नाही.

पहिल्या बैठकीत सगळे मुके. शेवटी चक्कीवरच्या मुनीरभाईंनी हिंमत केली. "मालिक, चाय में शक्कर जास्ती हो रई."

ताईंनी टाळी वाजवली. दादाचं तोंड बघण्यासारखं होतं!

हळूहळू चहावरून गाडी चक्कीवर आली. दादा एकदा तर तणतणत उठून गेला. "मंगळवार आला की भाकर घशात अडकून राहिली माझी!" पण पुढच्या मंगळवारी सतरंजी त्यानंच अंथरली.

झेपेल तेवढीच ऑर्डर घ्यायची, बाकीच्यांना पुढची तारीख द्यायची, हे सुरू झालं. पावडरीचा रंग टिकला. आणि हैदराबादच्या मोठ्या दुकानांची पहिली ऑर्डर मिळाली.

बाकीच्या दिवशी फोन केला की ताई विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं?" मी सांगायचो. "मग तेच करा." फोन बंद.

लई राग यायचा मला. एकदा म्हणालो, "ताई, बुधवारी तुम्ही आमच्या कोणी लागत नाही का?"

"अहो, मी नसताना तुमचं काय होतं ते बघायलाच तर मी मंगळवारी येते."

काल त्यांच्या मुलीचा फोन आला. हार्ट अटॅक. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. नांदेडच्या घाटावर दादा लेकरासारखा रडला.

आज सकाळी तो ताईंचा फोटो घेऊन आला. त्यांच्या खुर्चीवर ठेवला, हार घातला आणि म्हणाला, "आज बंद. मालाची गाडी उद्या जाईल."

चक्की थांबली. कामावरच्या बायांनी तोंडाचे रुमाल सोडले.

हैदराबादवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिला माल आज निघाला नाही तर पुन्हा विचारू नका. हे दादाला माहीत. मला माहीत. मुनीरभाईंना माहीत.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी खिशातून फोन काढला. बोट ताईंच्या नावावर गेलं.

फोन परत खिशात ठेवला.

"दादा, न्हाई."

आवाज फाटला माझा. दादा म्हणाला, "ताई गेल्या अन् आपण मिरची दळून राहिलो? लोक काय म्हणतील?"

एवढं बोलला आणि थांबला. त्या खुर्चीकडं बघितलं. मग खाली जमिनीवरच बसला.

"बोल. ऐकून घेतो."

मी बोललो. काय बोललो ते धड आठवत नाही. पण तो मधे एकदाही बोलला नाही. डोळे गळत होते, पुसलेही नाहीत.

मग म्हणाला, "मुनीर, चालू कर."

आत्ता गाडी भरून गेटबाहेर पडली. दादा तिच्यामागं कोपऱ्यापर्यंत चालत गेलाय.

दर मंगळवारी या वेळेला ताई पर्स उचलून "येते हं" म्हणायच्या आणि मी त्यांना स्कूटरवर स्टेशनला सोडून ‘या, ताई’ म्हणायचो. काल त्या तसं न म्हणताच गेल्या. याचा फार राग येतोय, ताई. फार रडू येतंय.

आज तुमच्यासाठी शोकसभा नाही ठेवली. चक्की चालू आहे.

या, ताई.