बाबांनी वर केलेला हात

मातीच्या ट्रॅकवरची गाड्यांची रेस कुठे उभं राहून बघायची, एवढ्यावरून कॉलेजपासूनची मैत्री तुटते का? माझी तुटली. अजूनही कुणी विषय काढला की डोकं तापतं.

बाबांनी न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनरचे ट्रेलर आयुष्यभर चालवले. आता दोन्ही गुडघे गेलेत. सुकापूरच्या घरातून खाली उतरायचं तरी एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताला मी. द्रोणागिरीच्या बाजूला भराव घातलेल्या मोकळ्या जागेवर रेस आहे, हे मी जेवताना सहज बोलले आणि त्यांनी ताटावरून मान वर केली. "चिखलातनं गाडी कशी काढतान ती पोरं, मना बघायची हाय."

मी कॉलेजच्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर स्पष्ट लिहिलं: बाबा येताहेत, आपण वळणाजवळच्या सपाट कडेला थांबू, गाडी तिथपर्यंत जाते. सगळ्यांनी अंगठे टाकले. अंगठा दाखवणं याचा मराठीत काय अर्थ होतो, ते मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

ज्याच्या गाडीतून गेलो त्या मित्राने गेटपाशीच गाडी लावली. समोर मातीचा उंच ढिगारा होता. तो बघून त्याचे डोळे चमकले.

"तिथून अख्खा ट्रॅक दिसेल. व्हिडिओ भारी येतील."

"आणि बाबा?"

"काका शामियान्यात बसतील की! खुर्ची आहे, पंखा आहे, चहा आहे."

शामियाना स्टेजकडे तोंड करून होता. मागचा पडदा बंद. तिथून ट्रॅकचं टोकही दिसत नव्हतं. मी तसं म्हटलं, तर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, आवाज तर येईल ना."

आवाज! रेस ऐकायला का आणलं होतं मी त्यांना?

"भांडण नको. हात वर करा," मित्र म्हणाला. "ढिगाऱ्यावर कोण कोण?"

भराभर हात वर झाले. आणि माझ्या शेजारी, काठीवर भार देऊन उभ्या असलेल्या बाबांनीही आपला मोकळा हात वर केला.

"जा तुमी सगली वर," ते हसून म्हणाले. "मी बसतो हितं."

ते हसणं बघून मला कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली. बाकीचे खरंच निघाले. एकानेही वळून पाहिलं नाही. गाडी पुढे न्यावी म्हणून किल्ली मागायला मी फोन करत राहिले. तो वर शूटिंग करत होता, उचलेल कशाला?

मग आम्ही दोघं चालत निघालो. टँकरने पाणी मारलेल्या मातीत काठी रुतायची, ती मी उपसून द्यायची. वळणाशी पोचेपर्यंत पहिल्या फेऱ्या संपल्या होत्या. दोरीपलीकडे टायरांची भिंत होती. सरबत विकणाऱ्या एका बाईने न मागता रिकामा क्रेट उपडा करून बाबांना बसायला दिला. वर गेलेल्या माझ्या सगळ्या शिकलेल्या मित्रांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

गाड्या आडव्या होत, माती उडवत वळायच्या. बाबांचा उजवा पाय नकळत ब्रेक दाबत होता. शर्टावर चिखल उडाला तेव्हा ते मोठ्याने हसले. मला हसता येईना.

"तुम्ही हात का वर केलात?" मी विचारलं.

"चार मान्सांत तुजं तोंड वाकडं नको म्हनून."

"मग त्यांचं तोंड कोण वाकडं करणार?"

ते पुढच्या गाडीकडे बघायला लागले.

रेस संपल्यावर मंडळी खाली आली. मित्राने फोन पुढे केला. "काका, हे बघा, वरून काय दिसतं!"

"तोच फोन वाजत होता ना? मीच करत होते," मी म्हटलं. "चिखलातून चालवत आणलंय मी त्यांना. तुझी गाडी तुलाच लखलाभ."

"ओव्हर करतेयस. व्होटिंग झालं होतं. काकांनीपण हात वर केला होता."

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. सरबतवाली बाई बर्फ फोडायची थांबली, एवढं आठवतं. मी रिक्षा बघितली आणि बाबांना घेऊन घरी आले. ग्रुपमधून त्याच संध्याकाळी बाहेर पडले.

काही आठवड्यांनी तो मित्र मिठाई घेऊन घरी आला. बाबांनी त्याला प्रेमाने बसवलं, ट्रेलरच्या गोष्टी सांगितल्या, "मान्सं तोडायची नसतान," असं मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. मी स्वयंपाकघरातून बाहेर गेले नाही. चहा मीच केला होता. त्याच्या कपात साखर घातली नाही.