फोटोवर टाकायचं नाव

मंडळी, जांबे गावात भाड्याच्या खोलीत एकटा राहतोय, त्याला दोन वर्षं झाली. आज दुपारी घरमालकीण काकू पोराच्या लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन वर आल्या.

"परत्येक फोटूवर नाव टाक. फुडं नातवंडांना कळाया पायजे, कोन कोन व्हतं."

काकू बघून नावं सांगत गेल्या, मी एका फाइलीत टाइप करत गेलो. नंतर एकाच कमांडने सगळ्या फोटोंवर छापायची होती.

शेवटच्या फोटोत पंगतीच्या टोकाला मी जेवत बसलो होतो.

"आणि ह्याचं?" मी फोटोतल्या माझ्यावर बोट ठेवून विचारलं.

त्या स्क्रीनकडे वाकल्या. "लिव की, भाडेकरू."

लिहिलं आणि एंटर मारलं. आधी कॉपी काढायची विसरलो, त्यामुळे मूळ फोटोंवरच छापलं गेलं. आता ते पुसता येत नाही.

काकू खूश होऊन खाली गेल्या. मला मात्र राग आला. रोज जिन्यात भेटतो, साधं नाव माहीत नसावं?

चिडून फोटो परत चाळले. काकूंच्या फोटोवर मी, त्यांना न विचारताच, 'काकू' छापलं होतं.

दोन वर्षांनंतर एखाद्याला नाव कसं विचारतात, सांगाल कुणी?