डावे हात

मधली सुट्टी आहे. सातवीचा वर्ग रिकामा, बाहेर खिचडीच्या ताटांचा खणखणाट. वैजयंता बाकावर डोकं टेकवते. डोळा लागतो न लागतो तोच टाळ वाजू लागतात. ताटंच ती, पण आता लयीत.

सुट्टी संपली की तिचा बी.एड.चा शेवटचा पाठ. विषय गणित, घटक ऋण संख्यांचा गुणाकार, मागे बसणार बाहेरचे परीक्षक. तालुक्याच्या त्या एवढ्याशा कॉलेजात सगळेच करतात ते तिनंही सकाळी केलंय. मुलांना पढवून ठेवलंय: उत्तर येत असेल तर उजवा हात वर, येत नसेल तर डावा. म्हणजे वर्गभर हातच हात, आणि बाईंनी विचारायचं फक्त उजव्यांना. परीक्षक खूश!

"वैजे, ऊठ! कीर्तनात झोपतेस?"

समोर आबा, तिचे थोरले चुलते. मार्गशीर्षात गेलेले. अंगात पांढरा अंगरखा, डोक्याला फेटा, हातात चिपळ्या, आणि उभे आहेत ते फळ्यापुढे. काय तो गळा होता महाराजा! शेवटच्या सतरंजीवरच्या म्हातारीचेही डोळे भरून यायचे. आज मात्र गळ्यात गाणं नाही, नुसता संताप आहे.

"हे डावे हात कुणाचे?"

ती वळून पाहते. बाकं नाहीत. देवळाचा मंडप आहे आणि खांबाखांबाशी मुलं डावा हात वर करून बसलीत. मंडप संपतो तिथं कॉलेजचा जिना सुरू होतो. पायऱ्यांवरही डावे हात.

"आबा, पाठापुरतंच आहे हो ते."

"पाठापुरतं? कीर्तनाला आलेल्या माणसाला मी कधी म्हटलं का, तुला कळत नाही तर नुसता डोलत बस? निरूपण थांबवून पुन्हा सांगायचो. शहाणे लोक वैतागायचे. वैतागले तर वैतागले!"

आता वैजयंताचंही डोकं फिरतं. "तुमचं काय जातंय बोलायला? पाठ गेला तर माझं वर्ष गेलं! या कॉलेजात घातलंत तुम्हीच. शिकवणं हीसुद्धा देवाची सेवा म्हणालात आणि चालते झालात. निकालापर्यंत तरी थांबायचं होतं!"

आबांच्या चिपळ्या खाली येतात.

"मला काय मरायची हौस होती?"

जिन्यावरून पूनम उतरते, सातवीतली, हात अजून वरच.

"बाई, ऋण गुणिले ऋण धन का होतं?"

वैजयंता तोंड उघडते. नियम ओठांवर येतो, कारण येत नाही. शाळेत कुणी सांगितलं नाही, कॉलेजात कुणी विचारलं नाही.

"येतं का तुला?" आबा कडाडतात.

"नाही येत!" ती किंचाळते. "मलासुद्धा पाठच करायला लावलं सगळ्यांनी!"

"मग सांग की तिला तसं. लाज कुणाची वाटते? त्या परीक्षकाची, का या पोरीची?"

ते अंगठा देवापुढच्या काळ्या बुक्क्यात बुडवतात आणि तिच्या कपाळाला लावतात. लावतात कसले, दाबतात. आशीर्वाद देतानाही रागावलेलेच.

"आई गं, आबा!"

घंटा होते. मुलं धडाधड आत येतात. परीक्षक मागची खुर्ची सरकवून बसतात. वैजयंता उभी राहते. डोकं अजून तापलेलंच आहे.

"सकाळचं ठरलेलं रद्द," ती म्हणते. "आज मी आधी विचारणार ज्यांना येत नाही त्यांना. आणि ऐका, ऋण गुणिले ऋण धन का होतं, ते मलाही कुणी समजावलेलं नाही. आज शोधून काढू."

परीक्षकांचं पेन थांबतं.

"बाई," पूनम हळूच म्हणते, "तुमच्या कपाळाला काय लागलंय?"

ती पदरानं कपाळ पुसते. पिवळ्या काठावर काळा ठसा उमटतो, अंगठ्याएवढा, आणि पहिल्या बाकापर्यंत बुक्क्याचा वास जातो.