गाठवाल्या मामीची लाल मोटार

मामीच्या पदराला नेहमी एखादी गाठ असायची. बाजारातून हळद आणायची राहू नये म्हणून गाठ, आणि कुणाचा सूड घ्यायचा राहू नये म्हणूनही गाठ. हळदीची संध्याकाळी सुटे. सुडाची मात्र लुगडं बदललं की नव्या पदरावर चढे. शेजारणीनं तिच्या कोंबडीची तंगडी मोडली होती, ती गाठ शेजारणीच्या लेकीच्या लग्नात सुटली. कशी ते विचारू नका, पण त्या पंगतीतलं वरण पाहुण्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर उतरवलं. हसता काय? तुमच्याही घरात अशी एखादी होऊन गेली असेलच.

मी तिच्या नणंदेची लेक, शाळेसाठी मामांकडे राहायची. वरठीच्या रस्त्याला चिंचेखाली मामांचं गॅरेज होतं आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. मामा इंजिनाला कान लावून बसले की मामी आतून म्हणायची, "एवढं ध्यान देऊन माहं आइकलं असतं, तं छपराले कवेलू नाही, सोनं असतं." मामा हसायचे. बोलायचे कमीच.

गावात एका घरची धानाची गिरणी होती, आणि तिला लागूनच जवसाच्या तेलाची घाणी. त्या घरच्या मुलाला सगळे छोटे मालक म्हणत. नाकाडोंगरीकडच्या खाणीवरचा कुणी साहेब देश सोडून जाताना आपली विलायती मोटार यांना विकून गेला. लाल, उघडी, दोन माणसांपुरती, जमिनीला टेकल्यासारखी. शर्यतीची मोटार म्हणत तिला. गाडी जुनी होती, तेल प्यायची. मामांनी ती नीट करून दिली आणि बजावलं की मालक, दूर जायचं असेल तर इंजिनाच्या तेलाचा डबा सोबत ठेवा.

छोटे मालक सासरी निघाले ते डबा न घेताच. परत आले, चार दिवसांनी गाडी सुरू करू गेले, तर इंजिन जाम. हँडल मारलं, लोकांकडून ढकलून घेतली, गाडी ढिम्म. त्यांनी मामांना गिरणीच्या फाटकात बोलावलं आणि हमालांसमोर, बाजाराला आलेल्या बायाबापड्यांसमोर म्हणाले, "या हातानं माह्या गाडीचा जीव घेतला." मग मामांची पान्यांची पेटी उचलून समोरच्या बोडीत फेकली. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. पेटी गाळात गेली ती गेलीच.

त्यानंतर ट्रकवाले गॅरेजसमोरून भोंगा न वाजवता पुढे जाऊ लागले. तेही चाललं असतं. पण एक दिवस जेवताना मामा म्हणाले, "का माहीत वं, एखादा नट मीच ढिला ठेवला असंल." मामीनं वाढता वाढता हात थांबवला. खरकट्या हातानंच पदराला गाठ मारली, अशी आवळून की दातानंही सुटू नये.

लाल मोटार दोन पावसाळे गिरणीच्या कुंपणात सडली. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. शेवटी मालकांनी ती भंगारवाल्याला दिली. मामीनं हातातल्या पाटल्या उतरवल्या आणि भंगारवाल्याकडून ती बैलजोडीनं ओढून चिंचेखाली आणली. लोक म्हणाले, बाई वेडी झाली. मामा तर गाडीकडे पाठ करून बसले. मामी त्यांच्यासमोर उभी राहिली. "अवो, चालू करा नका करू. मले फक्त तिचं पोट खोलून दाखवा. कायनं मेली ते पाहू द्या."

घरात उरलेल्या दोन-तीन पान्यांनी सोडवून, चिंचेच्या फांदीला साखळी बांधून इंजिन वर काढलं. मामांनी खालचा चेंबर खोलला, म्हणजे तेल साठतं ती पेटी. काळं तेल गळायला हवं होतं, पण आत पिवळा-काळा चिकट थर, बैलगाडीला लावलेलं रोगण वाळावं तसा. पिस्टन जागीच चिकटलेले. मामीनं नखानं थर खरवडला, नाकाशी नेला, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली.

"पोरी, हुंग," ती म्हणाली. मी हुंगलं. आमच्या स्वयंपाकघराचाच वास. जवसाचं तेल. रस्त्यात इंजिनातलं तेल संपलं तेव्हा मालकांनी घरच्या घाणीचं ओतलं होतं. जवसाचं तेल वाळून कसं घट्ट धरतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला झाऱ्यावरून, कढईवरून माहीत असतं.

मामांनी त्याच दिवशी उसने पाने आणले. भंडाऱ्याजवळ एक ॲम्बेसडर सागवानाच्या ट्रकची मागून धडक बसून चपटी झाली होती, तिचं इंजिन शाबूत होतं. मामा म्हणाले, या दोघी एकाच विलायती घराण्यातल्या, सोयरीक जमते. जमली, पण थोड्या कुरकुरीनं. नवं इंजिन बसलं, तर वरचा हवा गाळायचा डबा आडवा येऊन बॉनेट मिटेना. मामांनी पत्र्याला तव्याएवढं भोक पाडलं. गाडी पहिल्यांदा घुमली तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. मामी कोरडी. तिचं काम अजून व्हायचं होतं.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. मंडईला आमच्याकडे लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे गोळा होतात. छोटे मालक फाटकात खुर्च्या टाकून सासऱ्यांसोबत बसले होते. लाल मोटार आली. मामा चालवत होते, शेजारी मामी, नव्या लुगड्यात. मागे बैलगाडीवर ते मेलेलं इंजिन, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून. गर्दी मागोमाग. मामीनं इंजिन मालकांच्या पायाशी उतरवून घेतलं.

"मालक, तुमचं आहे, घेऊन घ्या. पण आधी हुंगून पाहा."

मालक उठले नाहीत. सासरे मात्र वाकले. जुन्या वळणाचा माणूस, तेल ओळखणारा. हुंगले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जावईबापू, त्या वक्ती या मोटारीतून आमच्यासाठी निघालेला जवसाच्या तेलाचा डबा आमच्या घरी काहून पोचला नाही, ते आज समजलं."

आधी हमाल हसले, मग सारी मंडई. मालक आत निघून गेले. दुसऱ्या आठवड्यात ट्रक पुन्हा चिंचेखाली थांबू लागले. मामी दर बाजाराला मामांना त्या फाटकावरूनच गाडी न्यायला लावायची, आणि भोंगा स्वतःच्या हातानं वाजवायची. पोरं मालकांकडे बघून नाक दाबत मागे पळायची. मालकांनी बसायची खुर्ची परसात नेली.

मी एकदा म्हटलं, मामी, आता सोड की गाठ. ती म्हणाली, "चारचौघांत बोलला होता नं? चारचौघांत म्हणू दे, माहं चुकलं. मंग सोडतो."

ते काही त्यांनी म्हटलं नाही. पुढं वरातीत भेटले, मौतीत भेटले, मान खाली घालून निघून गेले. मग एका उन्हाळ्यात छोटे मालक वारले. मामी दारात उभी राहून प्रेतयात्रा पाहत होती. "न बोलताच गेला," एवढंच म्हणाली, आणि गाठ चाचपून आत गेली.

दोन वर्षांनी मामीही गेली. आम्ही बायकांनी तिला न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं. अंगावरून काढलेल्या लुगड्याच्या पदराला ती गाठ तशीच होती. मी ती सोडायला घेतली, तर दाराबाहेरून मामांनी मला थांबवलं.

"सोडू नको, पोरी. नव्या पदराले मारून दे. मालक आधीच वर जाऊन बसला आहे. तिले काम पडंल."

मी दाताखाली धरून आवळली.