बाबांचा दुपारचा पाईप

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, तंबाखू बंद म्हणजे बंद. बाबा दिवसाला तीन पाईप ओढायचे. सकाळचा आणि संध्याकाळचा त्यांनी सोडला, दुपारच्या जेवणानंतरचा मात्र धरून ठेवला. "दोन सोडलं ना? मग आता गप ऱ्हा," म्हणाले की विषय संपला. मी तापट, ते माझ्याहून तापट. आई गेल्यापासून कर्जतच्या घरात आम्ही दोघंच, त्यामुळे भांडण पेटलं तर सोडवायला तिसरं माणूस नाही. शेवटी मी भांडायचं सोडलं आणि चोरवाट धरली.

बाबा रेल्वेत फिटर होते. त्यांच्या साहेबाने निवृत्त होताना आपला जुना पाईप यांच्या हातात ठेवला आणि पोशीरच्या शेतकऱ्याचा हा मुलगा बिडीवरून थेट पाईपावर गेला. नातेवाइकांनी पुष्कळ चेष्टा केली. बाबांना त्याचं काही नव्हतं. तयार मिश्रण त्यांना चालत नसे. मुंबईहून तीन वेगळ्या तंबाखू मागवायच्या आणि घरी मिसळायच्या. काळी ओलसर, चिकट, काकवीसारख्या वासाची. पिवळी वाळल्या गवतासारखी. तपकिरी कोरडी, जवळजवळ बिनवासाची. दोन वाट्या काळी, एक वाटी पिवळी, अर्धी वाटी तपकिरी. हात थरथरायला लागल्यापासून हे काम माझ्याकडे आलं होतं आणि बाबा तंबाखूच्या पिशवीत काय आहे ते बघतही नसत.

तेव्हा मी ठरवलं, बंद होत नाही तर निदान सौम्य करू. जी कडक असेल ती हळूहळू कमी करायची, बाबांना कळू द्यायचं नाही. कडक कोणती याबद्दल मला फारशी शंका नव्हती. काळीचा धूर पडद्यांत बसायचा, माझ्या साड्यांना वास यायचा, शाळेत मुलं नाक वर करून बघायची. तरी खात्री करावी म्हणून तिन्ही तंबाखूंच्या पुड्या बांधल्या आणि चौकला घेऊन गेले. मी चौक गावच्या शाळेत शिकवते. तिथे जुन्या हायवेवर एका म्हाताऱ्याचं तंबाखूचं दुकान आहे आणि त्याच्या पारखीवर अख्खा बाजार विसंबून असतो. चिमूट तळहातावर घ्यायची, अंगठ्याने मळायची, हुंगायची, मग गालात धरून बराच वेळ गप्प बसायचं, आणि नंतरच बोलायचं, ही त्याची रीत. गालात धरल्याशिवाय तो कुठल्याच मालाबद्दल शब्द काढत नसे.

नेमकी त्या दिवशी संकष्टी होती. म्हाताऱ्याने काळी मळली, हुंगली आणि हात झटकला.

"हिला कसला तरी पाक लावलाय बाई. आज उपासाला यातलं कायबी नाय घालायचा मी तोंडात."

"नुसतं बघून सांगता येईल का?"

"सांगायला काय! काळी ती जहाल. आमच्या खायच्या तंबाखूत बी तसंच. ही तपकिरी काय, पाचोळा हाय. वास नाय, दम नाय."

मी दुसऱ्या दिवशी परत जाऊ शकत होते. गेले नाही, कारण त्याने माझ्याच मनातलं सांगितलं होतं. त्या आठवड्यापासून काळी दोनाची एक वाटी केली आणि कमी पडलेलं तपकिरीने भरून काढलं. बाबा एकदा म्हणाले, "चव उतरलीय गं." मी म्हटलं, नवा डबा आहे. घरातला वास कमी झाला आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

तीन आठवडे असे गेले. रविवारी दुपारी मी झोपते, पण त्या रविवारी परीक्षेचे पेपर तपासत जागी होते. बाबांचं पोट ठीक नव्हतं म्हणून ते जेवले नव्हते. पाईप मात्र वेळेवर पेटवला. थोड्या वेळाने ओटीवरून उचक्या ऐकू यायला लागल्या. एकामागून एक, थांबेनात. पाणी घेऊन बाहेर आले तर बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपाळावरून घाम ओघळत होता, हात बर्फासारखे गार. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि सगळं ओकले.

शेजारच्याची रिक्षा दारातच होती. नदीवरच्या पुलावर रविवारच्या फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या एकाला एक चिकटून उभ्या होत्या आणि आमचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मी बाबांचं डोकं खांद्याशी धरलं होतं. त्यांच्या उचक्या माझ्या खांद्याला जाणवत होत्या आणि दोन उचक्यांत जरा अंतर पडलं की माझाच श्वास अडकत होता. मी कुणालाही शिव्या देत नाही, पण त्या पुलावर मनातल्या मनात सगळ्यांना दिल्या.

दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टर तरुण होते. कागदाकडे बघून त्यांनी ओठ आवळले. म्हणाले, "आधीची हिस्ट्री आहे, मी धोका घेणार नाही. पनवेलला हलवू, पुन्हा अँजिओग्राफी करावी लागेल. आज काही वेगळं खाल्लं? एखादी नवी गोळी?"

"काय नाय," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

नर्सने सहीचा कागद पुढे केला. पेन माझ्या हातात होतं. उचक्या सुरू झाल्या तेव्हाच माझ्या डोक्यात तपकिरी तंबाखूचा डबा आला होता, आणि पूल ओलांडेपर्यंत मी त्याला बाहेर ढकलत राहिले होते. आता सांगितलं तर बाबांसमोर सांगावं लागणार होतं. नाही सांगितलं तर त्यांना पनवेलला नेऊन मांडीतून नळी घालणार. मला लाज वाटत होती, आणि त्या क्षणीही मी लाजेचाच विचार करत होते हे अजून मला माफ करता येत नाही.

"डॉक्टर, मी यांची तंबाखू बदललीय," मी म्हटलं. "यांना न सांगता."

बाबांनी डोळे उघडले. मी सगळं सांगितलं, वाट्यांच्या मापासकट. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या, ओढून किती वेळ झाला आणि पोटात काही होतं का. मग म्हणाले, "पनवेलच्या गाडीला थांबायला सांगा. अर्ध्या तासाने पुन्हा ईसीजी काढू." तो अर्धा तास बाबा माझ्याकडे बघत नव्हते. दुसरा कागद पहिल्यापेक्षा बरा आला, तिसरा त्याहून बरा. उचक्या थांबल्या, हातांना ऊब आली. रक्ताचा रिपोर्टही ठीक निघाला. हृदयाचं दुखणं नव्हतं, निकोटिन चढलं होतं. आम्हा दोघांनाही शाळेतल्या पोरांसारखं झापून संध्याकाळी घरी सोडलं.

परतीच्या रिक्षात बाबा पहिल्यांदा बोलले.

"काळी म्हंजे नुसता गूळ. पाकात मुरवल्याली. वास लई, दम नाय. दम तपकिरीत असतो. म्हनून तर अर्धीच टाकायची व्हती."

"मला वाटलं, वासावरून..."

"वासावरनं नाय कळत. अर्धा पाईप झाला का अंगाला कळतं." मग त्यांनी विचारलं, "किती दिस चाललं व्हतं हे?"

"तीन आठवडे."

घरी आलो. ओटीवरच्या खुर्चीत टेकले तेव्हा म्हणाले, "म्हंजे ते रोजचं यामुळं व्हतं तर."

"रोजचं काय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. तीन आठवडे रोज दुपारी पाईपानंतर त्यांचे हात गार पडत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्यांनी मनाशी धरलं की हृदय पुन्हा गेलं. मला सांगितलं तर मी शाळा सोडून घरी बसेन म्हणून सांगितलं नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे, मी येण्याआधी तोंड धुवायचे, माझ्याबरोबर चहा प्यायचे. "रोज वाटायचं, आज तू यायच्या आत संपनार," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उलट बोलले असते. मी त्यांच्या पायाशी बसून रडले आणि त्यांनी मला रडू दिलं.

सोमवारी मी रजा टाकली. जेवणानंतर ओटीवर त्यांच्या समोर स्टूल घेऊन बसले. त्यांनी पाईप हातात घेतला, जुन्या मापाने मिसळलेली तंबाखू भरली, काडेपेटी उघडली आणि तशीच धरून ठेवली.

"पेटवू ना गं?" त्यांनी विचारलं.

जन्मात कधी त्यांनी मला असं विचारलं नव्हतं. हो म्हटलं तर डॉक्टरांनी बंद केलेलं मीच पेटवायला सांगितलं असतं, आणि नाही म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.